ही बदके कुणाची?

कार्तिकात मुलांना घेऊन वान नदीच्या धरणावर गेलो होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या त्या पाण्यावर बदकांचा थवा उतरला होता. आमचा संग्रामपूरचा मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याची किंमत आम्हांला शिकवावी लागत नाही. एका मुलाने गलोल ताणली. मी हात धरला, तसा तो म्हणाला, "गुरुजी, एक मारलं तर कुणाचं काय गेलं? ही कुणी पाळलेली आहेत का?"

एके काळी याचे उत्तर ठरलेले होते: ज्याच्या हाती बंदूक, त्याची बदके. ज्या ह्यूमसाहेबांनी १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्यांनीच मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले. पुढे १९३८ साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले!

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली. पण बंदूक थांबली म्हणजे पाखरू वाचले, असे नव्हे. तलवार बदक शेपटी वर करून तळाचे खाते. थापट्या रुंद चोचीने पाणी गाळतो. उथळ काठ गेला, की दोघेही उपाशी. शिवाय ही दोघे उन्हाळ्यात दूर उत्तरेला घरटी करतात, चक्रवाक लडाख-तिबेटात. एका देशाने जपून भागत नाही. म्हणूनच १९७१ साली इराणातील रामसर येथे पाणथळ जागांचा करार झाला. त्याच्या नावातच पाणपक्ष्यांचा उल्लेख आहे. भारत त्यात १९८२ साली सामील झाला, आणि आमच्याच जिल्ह्यातले लोणारचे खारे सरोवर २०२० साली त्या यादीत गेले.

मुलाला मी हे सारे सांगितले नाही. "पाव्हणे आहेत रे," एवढेच म्हणालो. त्याने गलोल खिशात घातली. तेवढ्यात काठच्या गवतातून एक जोडी निघाली. काळ्या चोचीच्या मुळाशी तांबडा ठिपका, टोकाला पिवळा. म्हणून तिचे नाव हळदीकुंकू.

"हे तर बारमाही इथलंच ना, गुरुजी? मग हे कुणाचं?"

"पाण्याचं," मी म्हणालो. "आणि पाणी राखणं, बाबा, आपल्या हाती आहे."