इंग्रजीत ‘बेस्ट’च्या आधी ‘द’ कधी लावायचा आणि कधी नाही?

मित्राच्या वाढदिवसाला आपण पोस्ट टाकतो, ‘हॅपी बर्थडे टू द माय बेस्ट फ्रेंड’. नोकरीच्या अर्जात लिहितो, ‘आय वॉज वन ऑफ द बेस्ट स्टुडंट इन माय कॉलेज’. दोन्ही वाक्यांचा अर्थ कळतो, पण दोन्ही व्याकरणाच्या दृष्टीने चुकीची आहेत. पोस्टमधली चूक मित्र मनावर घेणार नाही. अर्ज वाचणारा मात्र घेऊ शकतो. म्हणूनच हा नियम एकदा नीट समजून घेऊया.

चूक का होते?

मराठीत आपण ‘उंच’, ‘जास्त उंच’ आणि ‘सर्वात उंच’ असं म्हणतो. ‘सर्वात’ हा एक शब्द लावला की काम झालं. इंग्रजीत ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ अशी रूपं होतात. यातलं तिसरं रूप म्हणजे सुपरलेटिव्ह. त्याच्या आधी बहुतेक वेळा आर्टिकल, म्हणजे उपपद लागतं. मराठीत असं उपपदच नाही, त्यामुळे आपण ते विसरतो किंवा नको तिथे लावतो.

‘द’ काय सांगतो?

‘द’ म्हणजे ‘तो ठरलेला’. ‘बेटर’ फोन अनेक असू शकतात, म्हणून ‘आय वॉन्ट अ बेटर फोन’. दुकानातला सर्वात चांगला फोन मात्र एकच, म्हणून ‘द बेस्ट फोन इन द शॉप’. इथे ‘अ बेस्ट फोन’ म्हणता येत नाही.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, उंची 1,646 मीटर. इंग्रजीत हे वाक्य असं होईल: ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. लक्षात घ्या, ‘द’ हा ‘हायेस्ट’च्या आधी आला, ‘कळसूबाई’च्या आधी नाही. एकट्या डोंगराच्या नावाला ‘द’ लागत नाही. म्हणून ‘माउंट एव्हरेस्ट’, पण पूर्ण पर्वतरांगेसाठी ‘द हिमालयाज’.

ठिकाण सांगायचं असेल तर पुढे ‘इन’ येतो. काळ किंवा गट सांगताना सहसा ‘ऑफ’ येतो: ‘द लाँगेस्ट डे ऑफ द इयर’.

‘द’ कधी लावायचा नाही?

1. आधी ‘माय’, ‘युवर’, ‘हर’ असा शब्द असेल तर. कोणाचा ते ‘माय’नेच सांगितलं, मग ‘द’ कशाला? म्हणून फक्त ‘माय बेस्ट फ्रेंड’.

2. आधी षष्ठी असेल तर. ‘महाराष्ट्राज हायेस्ट पीक’ बरोबर. ‘महाराष्ट्राज द हायेस्ट पीक’ चूक.

3. एकाच गोष्टीची तिच्याशीच तुलना असेल तर. ‘द लेक इज डीपेस्ट हिअर’ म्हणजे हे तळं या जागी सर्वात खोल आहे. दुसऱ्या तळ्याशी तुलनाच नाही.

4. ‘मोस्ट’चा अर्थ ‘बहुतेक’ असेल तर. ‘मोस्ट पीपल लाइक टी’ म्हणजे बहुतेक लोकांना चहा आवडतो. इथे ‘द मोस्ट पीपल’ लिहू नका.

‘वन ऑफ द’चा सापळा

‘वन ऑफ द’ म्हणजे ‘अनेकांपैकी एक’. अनेक आहेत, तर पुढचं नाम अनेकवचनीच हवं. ‘पुणे इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया’. इथे ‘सिटी’ चालणार नाही. तसंच सुरुवातीच्या अर्जात ‘स्टुडंट’ऐवजी ‘स्टुडंट्स’ हवं.

इथे अर्थाचाही प्रश्न आहे. ‘आय वॉज द बेस्ट बोलर इन माय टीम’ म्हणजे टीममध्ये तुमच्यापेक्षा चांगला कोणीच नव्हता. ‘वन ऑफ द बेस्ट बोलर्स’ म्हणजे चांगल्यांपैकी तुम्ही एक. मुलाखतीत याबद्दल विचारलं जाऊ शकतं, त्यामुळे खरं असेल तेच लिहा.

दोनदा ‘सर्वात’ नको

‘मोस्ट टॉलेस्ट’, ‘मोस्ट बेस्ट’ ही रूपं चुकीची आहेत. छोट्या शब्दाला शेवटी ‘ई-एस-टी’ लागतो: ‘टॉलेस्ट’, ‘हॅपिएस्ट’. मोठ्या शब्दाआधी ‘मोस्ट’ लागतो: ‘मोस्ट ब्यूटिफुल’. ‘गुड’चं ‘बेस्ट’ आणि ‘बॅड’चं ‘वर्स्ट’ होतं, ही रूपं पाठच करावी लागतात.

मग कॅप्शनचं काय?

फोटोखाली ‘बेस्ट डे एव्हर!’ लिहिलं तर हरकत नाही. कॅप्शन, मथळे आणि जाहिरातींत ‘द’ गाळण्याची पद्धत इंग्रजीतच आहे. पण पूर्ण वाक्य लिहिताना ‘इट वॉज द बेस्ट डे ऑफ माय लाइफ’ असंच लिहा. अर्ज, ईमेल आणि परीक्षेत ही सवलत नाही.

पाठवण्याआधी तीन प्रश्न

- मी अनेकांतून एक निवडतोय का? मग ‘द’ हवा.
- आधी ‘माय’ किंवा षष्ठी आहे का? मग ‘द’ काढा.
- ‘वन ऑफ द’ लिहिलंय का? मग पुढचं नाम अनेकवचनी करा.

आता वाढदिवसाची ती पोस्ट दुरुस्त करूया: ‘हॅपी बर्थडे टू माय बेस्ट फ्रेंड’. फक्त एक ‘द’ काढला आणि वाक्य बरोबर झालं.