व्यापाऱ्याची नाडी आणि क्विनीनचा हिशेब

१/ साल १९१२. डच हृदयतज्ज्ञ कारेल वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी अधूनमधून एकाएकी धावू लागे, तीही अनियमित. या विकाराला आज ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता आणि वेंकेबाख यांनी तसे स्पष्ट सांगितले.

२/ व्यापाऱ्याला ते मान्य नव्हते. डच वसाहतींत राहिल्याने हिवतापावरचे क्विनीन त्याच्या परिचयाचे होते. १ ग्रॅम क्विनीन घेतले की झटका थांबतो, असा त्याचा दावा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, तेव्हा नाडी खरोखरच नियमित झाली होती!

३/ पण असे झटके पुष्कळदा आपोआपही थांबतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? वेंकेबाख यांनी इतर रुग्णांना क्विनीन देऊन पाहिले. थोड्याच जणांना गुण आला. १९१४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा अनुभव नोंदवला.

४/ १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी सिंकोनाच्या सालीतील निरनिराळ्या द्रव्यांची तुलना केली. त्यात क्विनिडीन सर्वांत प्रभावी ठरले. क्विनीन आणि क्विनिडीन यांतील अणू तेच असतात, फक्त त्यांची रचना वेगळी. क्विनिडीनमुळे हृदयाच्या स्नायूला एका ठोक्यानंतर पुन्हा उद्दीपित होण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे भरकटलेल्या विद्युत्-लहरींना वाट मिळत नाही.

५/ हाच गुण घातकही होता. क्विनिडीन घेणारे काही रुग्ण अचानक बेशुद्ध पडत. १९६४ साली सेल्झर आणि रे यांनी त्याचे कारण दाखवून दिले. औषधामुळेच हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, प्राणघातक कंपन सुरू होत होते.

६/ खरा हिशेब १९९० मध्ये लागला. लय पूर्ववत केल्यानंतर ती टिकवण्यासाठी क्विनिडीन दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या ६ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. एकूण रुग्ण ८०८. वर्षअखेरीस लय टिकली ती औषध घेणाऱ्या सुमारे ५० टक्के रुग्णांत, इतरांपैकी सुमारे २५ टक्क्यांत. मृत्यूचे प्रमाण मात्र अनुक्रमे २.९ आणि ०.८ टक्के होते.

७/ नाडीवर बोट ठेवणाऱ्या वैद्याला यश दिसत होते. मृत्यूंतील तफावत मात्र औषध न घेणाऱ्यांशी तुलना केल्याखेरीज दिसणे शक्य नव्हते.

८/ २००२ साली ‘अफर्म’ या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ४,०६० रुग्ण होते. निम्म्यांची लय औषधांनी सुधारण्याचा प्रयत्न झाला. उरलेल्यांची लय अनियमित राहू देऊन केवळ वेग आवरला गेला. लय सुधारू पाहणाऱ्या गटाचे आयुष्य अधिक ठरले नाही. रक्त गोठू न देणारी औषधे मात्र दोन्ही गटांत महत्त्वाची राहिली, कारण या विकारात पक्षाघाताचा धोका नाडी नियमित भासली तरी टळत नाही.