ब्रिटिश रोजगार न्यायाधिकरणांतील वार्तांकनबंदी

नोकरीविषयक तंटे सोडवणारी, नेहमीच्या न्यायालयांहून साधी ठेवलेली ब्रिटनमधील न्यायाधिकरणे 1964 च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने जन्माला आली, तेव्हा प्रशिक्षणासाठी उद्योगांवर बसवलेल्या कराविरुद्धची अपिले ऐकणे एवढेच त्यांचे रूक्ष काम होते, आणि त्यात कोणाचे नाव झाकण्याचा प्रश्नच नव्हता. 1971 नंतर अन्याय्य बडतर्फीचे आणि 1975 नंतर लिंगभेदाचे दावे त्यांच्यापुढे येऊ लागले, तसतसे कामगाराचे खासगी आयुष्यही जबानीत उतरू लागले.

सुनावणी उघड व्हावी, हे तत्त्व मात्र त्याआधीच रुजलेले होते. पक्षकारांना संकोच वाटतो एवढ्यावरून दारे लावता येणार नाहीत. उघडपणामुळे न्यायच अशक्य होणार असेल तरच अपवाद, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने 1913 मध्ये ‘स्कॉट विरुद्ध स्कॉट’ खटल्यात ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयातील एका साक्षीदाराच्या जबानीच्या प्रसिद्धीवरून उद्भवलेल्या मिरजकर खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये हाच अपवाद मान्य केला, तोही न्या. हिदायतुल्ला यांची असहमती नोंदवून.

न्यायाधिकरणांना वार्तांकनबंदीचा, म्हणजे पक्षकाराची ओळख पटेल असा मजकूर छापू न देण्याचा, अधिकार 1993 च्या कायद्याने लैंगिक गैरवर्तनाच्या दाव्यांपुरता मिळाला. त्याची छाया तक्रारदारावर तशी आरोपितावरही पडत होती. बंदी निकाल जाहीर होईपर्यंतच टिके, ही या तरतुदीतील सर्वांत विचित्र गोष्ट म्हणावी लागेल. लैंगिक गुन्ह्याचा आरोप असल्यास अभिलेखातून नावे वगळण्याची वेगळी सोय होती. पण गुन्ह्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या छळाची तक्रार करणारी स्त्री दावा जिंकली, तरी दुसऱ्या दिवशी तिचे नाव छापायला वृत्तपत्र मोकळे होते. बंदीची व्याप्तीही न्यायाधीशांनी आखडतीच ठेवली: 1998 मध्ये असोसिएटेड न्यूजपेपर्सने आणलेल्या प्रकरणात न्या. कीन यांनी हा अधिकार काटेकोर, संकुचित अर्थानेच वाचला पाहिजे, असे ठरवले.

2013 च्या नियमावलीतील पन्नासाव्या नियमाने हा अधिकार विषयांच्या बंधनातून सोडवला आणि खासगीपणाचा हक्क व अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचा तोल राखून कायमचे निनावीपणही देण्याची मुभा दिली. पुढे 2017 पासून निकाल इंटरनेटवर येऊ लागले. पूर्वी जो कागद अभिलेखात मुद्दाम शोधावा लागे, तो आता होऊ घातलेल्या मालकाला नुसते नाव टाकून सापडतो. 2025 च्या जानेवारीत नवी नियमावली लागू होऊन पन्नासावा नियम एकोणपन्नासावा झाला, तरी नुसत्या संकोचापोटी नाव झाकले जात नाही.