हर्टफर्डांच्या दारावर वॉलेसचं नाव

लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरमध्ये हर्टफर्ड हाउस नावाची जुनी हवेली आहे. आत जायला तिकीट नाही. भिंतींवर रेम्ब्रां, टिशियन, वेलास्केझ. काचेच्या कपाटांत फ्रेंच पोर्सेलिन. चिलखतं आणि तलवारींनी भरलेली दालनं. हवेली हर्टफर्डच्या मार्क्विसांची, पण संग्रहालयाचं नाव 'वॉलेस कलेक्शन'. मला या संग्रहातल्या कुठल्याही चित्रापेक्षा हा नावातला फरक जास्त बोलका वाटतो.

ही हवेली 18व्या शतकाच्या अखेरीस ड्यूक ऑफ मँचेस्टरने बांधली. 1797मध्ये ती हर्टफर्ड घराण्याकडे आली. घराण्याचा चौथा मार्क्विस, रिचर्ड सीमोर-कॉनवे, लंडनमध्ये फारसा राहिलाच नाही. पॅरिसमध्ये बसून तो आयुष्यभर लिलावांत कलावस्तू विकत घेत राहिला. 1865मध्ये फ्रान्स हाल्सने काढलेल्या एका मिशाळ तरुणाच्या चित्रासाठी त्याने बॅरन रॉथशिल्डशी चुरस केली आणि 51 हजार फ्रँक मोजले. आज ते चित्र 'द लाफिंग कॅव्हेलियर' म्हणून जगभर ओळखलं जातं.

एवढा पैसा आला कुठून? त्याचा मोठा भाग आयर्लंडमधल्या लिस्बर्नच्या जमिनींचा होता. कुळांचा खंड पॅरिसला पोचत राहिला. मालक मात्र तिथे एकदाच गेला, 1845मध्ये. बटाट्याचं पीक कुजून आयर्लंडमध्ये दुष्काळाला सुरुवात झाली, तेच हे वर्ष.

या मार्क्विसच्या हाताखाली रिचर्ड वॉलेस काम करायचा. 1818मध्ये जन्मलेला, लहानपणीच पॅरिसला मार्क्विसच्या आईकडे आणून सोडलेला. तो मार्क्विसचाच अनौरस मुलगा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर बाप तेव्हा जेमतेम 18 वर्षांचा होता. मार्क्विसने त्याला मुलगा म्हणून कधीच स्वीकारलं नाही. वॉलेस त्याचा सचिव झाला, त्याच्या वतीने खरेदी करत राहिला.

1870मध्ये मार्क्विस वारला. पदवी नियमाप्रमाणे चुलत घराकडे गेली आणि लंडनची हवेलीही. मृत्युपत्राने वॉलेसला संग्रह आणि पॅरिसची मालमत्ता मिळाली. आयरिश जमिनींसाठी कोर्टकचेरी करावी लागली. मग 1871मध्ये वॉलेसने हर्टफर्ड हाउस नव्या मार्क्विसकडून विकत घेतलं. जे घर वारशाने मिळालं नाही, ते त्याने पैसे मोजून मिळवलं.

मधल्या काळात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. पळून जाणं शक्य असूनही वॉलेस शहरात थांबला, जखमींसाठी आणि उपाशी लोकांसाठी त्याने पाण्यासारखा पैसा ओतला. पुढे पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ उभारून दिले. हिरव्या रंगाचे ते 'वॉलेस' नळ पॅरिसच्या रस्त्यांवर अजून आहेत.

संग्रह लंडनला आला तेव्हा हवेलीचं काम चालू होतं. त्यामुळे 1872 ते 1875 ही चित्रं पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या गरीब, कामगारांच्या वस्तीतल्या संग्रहालयात मांडली गेली. उमरावांच्या दिवाणखान्यातला ऐवज आधी सामान्य लोकांनी पाहिला.

शेवटचा निर्णय मात्र एका बाईचा. वॉलेसची बायको ज्युली पूर्वी पॅरिसमध्ये अत्तराच्या दुकानात काम करायची. त्यांना 1840मध्ये मुलगा झाला, लग्न झालं थेट 1871मध्ये, मार्क्विस गेल्यावर. मुलगा 1887मध्ये गेला, नवरा 1890मध्ये. 1897मध्ये ती वारली तेव्हा तिने हवेलीतला संग्रह ब्रिटिश जनतेला दिलेला होता. अट अशी की त्यात बाहेरच्या वस्तू मिसळायच्या नाहीत. 1900मध्ये दारं उघडली. वस्तू बाहेर उसन्या द्यायच्या नाहीत, असाही या अटीचा अर्थ लावला जाई. 2019मध्ये तो सैल झाला आणि तो मिशाळ तरुण 2023मध्ये लंडनच्याच नॅशनल गॅलरीत पाहुणा म्हणून गेला.

घराण्याने नाकारलेला माणूस आणि दुकानात काम केलेली बाई यांच्यामुळे हे घर सगळ्यांचं झालं, ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण ती सांगताना लिस्बर्नची कुळं वगळता येत नाहीत. दारावर वॉलेसचं नाव आलं. खंड भरणाऱ्यांचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही.