घड्याळांचे एकमत

नरकचतुर्दशीची पहाट. बंबात पाणी तापले आहे, उटण्याचा वास दरवळतो आहे आणि पहिली अंघोळ कोणाची यावरून मुलांचे भांडण जुंपले आहे. अशा वेळी घरातल्या दोन घड्याळांकडे सहज पाहावे. भिंतीवरचे सव्वापाच वाजल्याचे सांगते. फडताळावरच्यात पाच वाजून बाराच मिनिटे झालेली असतात. तीन मिनिटांनी कोणाचे काही बिघडत नाही. माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि आपल्या कामाला लागतो. मुंबईकरांनी तर याहून मोठा हिशेब वर्षानुवर्षे केला. १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत शहरात नांदत होता. अर्धे शतक एकाच शहराने दोन वेळा सांभाळल्या!

माणसाला हे साधते, कारण तो समजून घेतो. यंत्राला मात्र अशी समजूत नसते. संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले, तेव्हा ही गोष्ट फार लवकर ध्यानात आली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीत ‘युनिक्स’ नावाची संगणकप्रणाली जन्मली आणि पुढे तिचे मोठे कूळ झाले. या कुळात ‘मेक’ नावाचा एक उपयुक्त प्रोग्रॅम आहे. कोणती फाईल आधीची आणि कोणती नंतरची, हे तो फायलींवरच्या वेळेवरून ठरवतो आणि जेवढे बदलले असेल तेवढेच नव्याने बांधतो. आता समजा, पुढे असलेल्या संगणकावर फाईल बांधली गेली तेव्हा त्याच्या घड्याळात सव्वापाच वाजले होते. त्यानंतर लगेच दुसऱ्या, मागे पडलेल्या संगणकावर कोणी चूक दुरुस्त केली. पण तिच्यावर शिक्का पडला पाच बाराचा. मेकच्या मते ही दुरुस्ती जुनी ठरते. तो तिला हातही लावत नाही आणि चूक जशीच्या तशी राहते. घरातली तीच तीन मिनिटे इथे खोटे बोलू लागतात.

यावर एक उपाय सुचला तो मोठा गमतीदार होता. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने १९८६ च्या आपल्या युनिक्समध्ये ‘टाइमडी’ नावाची व्यवस्था घातली. जोडलेल्या संगणकांतून एक जण मुखिया म्हणून निवडला जाई. तो सगळ्यांना वेळ विचारी, अगदीच भलते सांगणाऱ्याला वगळी, उरलेल्यांची सरासरी काढी आणि कोणी किती सरकायचे ते कळवी. गावच्या पंचायतीसारखाच हा न्याय. त्याने भांडण मिटे; पण सगळे गावच मागे असले तर? सर्वांचे एकमत झाले म्हणजे ते खरे असतेच असे नाही.

सत्याचा माग काढण्याचे काम डेव्हिड मिल्स यांनी केले. १९३८ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांना जन्मतःच काचबिंदू होता आणि दृष्टी आयुष्यभर अधू राहिली. नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा त्यांचा नियमसंग्रह, म्हणजेच ‘एनटीपी’, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ते डेलावेअर विद्यापीठात आले आणि हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

त्यामागची युक्ती शाळकरी मुलालाही समजावी अशी आहे. आपण दूरच्या मित्राला पत्र पाठवून वेळ विचारली, तर उत्तर हाती येईपर्यंत ती वेळ शिळी झालेली असते. म्हणून पत्र निघाले कधी, पोहोचले कधी, उत्तर निघाले कधी आणि परत आले कधी, अशा चार नोंदी ठेवायच्या. समजा, आपल्या घड्याळात दहाला ठोक्यावर पत्र निघाले आणि १० वाजून ४ सेकंदांनी उत्तर आले. मित्राने लिहिले की पत्र १० वाजून ७ सेकंदांनी मिळाले आणि त्याच क्षणी उत्तर टाकले. जाण्यायेण्याला मिळून ४ सेकंद लागले. म्हणजे जायला २. पत्र पोहोचले तेव्हा आपल्याकडे १० वाजून २ सेकंद झाले असणार, मित्राकडे ७ झाले होते. तेव्हा आपण ५ सेकंदांनी मागे आहोत! जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो, एवढेच यात गृहीत धरले आहे.

पण मित्राला तरी वेळ कोण सांगतो? येथे गुरुपरंपरा आहे. शिखरावर अणुघड्याळे किंवा तशीच अचूक साधने. त्यांना थेट जोडलेला संगणक पहिल्या थराचा, त्याला विचारणारा दुसऱ्या, असे पंधरा थर चालतात. शिवाय एकाच गुरूवर विसंबायचे नाही. तिघे असले तर खोटा बोलणारा उघडा पडतो; चौघे असले तर त्यांतला एक आजारी पडला तरी निभावते.

युनिक्ससाठी हे काम प्रथम मेरीलँड विद्यापीठातील पेट्री आणि मॅमाकोस यांनी हाती घेतले. पुढे टोरांटोच्या डेनिस फर्ग्युसन यांनी ते नव्याने रचले. मात्र प्रोग्रॅम लिहिला म्हणजे काम संपत नाही. तो प्रत्येक कुळातल्या संगणकाला मानवेल असा बांधावा लागतो, संगणक सुरू होताच तो आपणहून जागा होईल अशी तजवीज करावी लागते आणि त्याच्यासोबत सूचनांची एक छोटी फाईल द्यावी लागते. याला ‘पॅकेज बांधणे’ म्हणतात. त्या फायलीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. वेळ कोणाला विचारायची, ही एक. दुसरी, या घड्याळाची जन्मखोड कोठे लिहून ठेवायची. कारण प्रत्येक घड्याळ आपल्या ठरावीक गतीने पुढे पळते किंवा मागे रेंगाळते; ती खोड टिपून ठेवली की संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी शिकवणी पहिल्यापासून घ्यावी लागत नाही.

घड्याळ दुरुस्त करण्यातही शिस्त आहे. चूक थोडी असली तर काटा एकदम हलवायचा नाही. कारण वेळ मागे गेली तर नोंदींचा क्रमच उलटतो. चाल किंचित बदलायची, इतकी किंचित की एका सेकंदाची चूक भरून काढायला निदान २००० सेकंद लागावेत. आणि चूक १००० सेकंदांहून मोठी दिसली, तर ‘एनटीपीडी’ हा प्रोग्रॅम सरळ काम थांबवतो. एवढा फरक पडला म्हणजे माणसानेच लक्ष घालावे, असा त्याचा निवाडा.

सूचनांची ही फाईल बहुतेक लोक कधीच उघडत नाहीत. म्हणून पॅकेज बांधणाऱ्याने लिहिलेली एक ओळ लाखो घरांत तशीच राहते, आणि चुकली तर लाखो घरांत चुकते. मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने याचा अनुभव घेतला. त्यांच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर विचारणांचा पूर आला. शोध घेता कळले, की नेटगिअर कंपनीने घरगुती वापराच्या काही उपकरणांत याच सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता. उत्तर मिळाले नाही की उपकरण दर सेकंदाला पुन्हा विचारी! अशी उपकरणे होती सात लाखांच्या घरात. दारात कोणी पाणपोई घालावी आणि साऱ्या शहराचे नळ कोणी तिलाच जोडावेत, तसा हा प्रकार. द्वेष कोणाचाच नव्हता. होती ती फक्त एक अविचारी ओळ.

योगायोग असा, की त्याच वर्षाच्या जानेवारीत एड्रियन फॉन बिडर यांनी या रोगावर औषध काढले होते. ज्यांच्याकडे चांगला सर्व्हर आहे त्यांनी तो स्वेच्छेने एका सामाईक समूहात घालावा, आणि विचारणाऱ्याला दर वेळी त्यातले निराळे पत्ते मिळावेत, म्हणजे भार सर्वांवर वाटला जाईल. या ‘पूल’चा नियम असा, की पॅकेज वाटणाऱ्यांनी समूहाचे सर्वसाधारण नाव परस्पर न वापरता आपल्यासाठी वेगळे नाव मागून घ्यावे. डेबियनच्या फायलीत म्हणून डेबियनच्या नावाचे चार पत्ते आले. कोणाची चूक झालीच, तर ती कोठून येते हे ओळखता यावे आणि तेवढीच वाट वळवता यावी. शेजारधर्माचा हा किती साधा नियम!

आज या कामासाठी ‘क्रोनी’, ‘एनटीपीसेक’ असे नवे प्रोग्रॅमही आहेत. मिल्स १७ जानेवारी २०२४ रोजी निवर्तले. पत्रांचा तो हिशेब मात्र चालूच आहे. आणि मुंबईचा जुना तंटा? तोही या यंत्रांनी आपल्यापुरता सोडवला आहे. नेटवर्कवरून सर्वत्र एकच जागतिक वेळ फिरते. आपल्याकडे संगणक तीत साडेपाच तास मिळवून मग ती दाखवतो. आत सर्वांची वेळ एक, बाहेर ज्याची त्याची आपली.

या पाडव्याला वहीपूजनाच्या वेळी ज्यांच्या वह्यांच्या जागी संगणक असेल, त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातील वेळेकडे क्षणभर पाहावे. ती बरोबर आहे, कारण कोण्या अनोळखी माणसाने आपला सर्व्हर विनामूल्य चालू ठेवला आहे आणि दुसऱ्या कोणी एका छोट्या फायलीत चार ओळी विचार करून लिहिल्या आहेत. एक पणती त्यांच्याही नावाने लावायला हरकत नाही.