जमाना-ए-तहसील : अतिया फैजींचे लंडनमधील वर्ष

'तहसील' हा शब्द आमच्या परभणी जिल्ह्यात रोजच्या तोंडातला. जिंतूरची तहसील, पाथरीची तहसील, गंगाखेडची तहसील. शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ मिळवणे, गोळा करणे. सारा गोळा करणे ही तहसील, तशीच इल्म मिळवणे हीही तहसील. मराठीने पहिला अर्थ ठेवला, उर्दूने दोन्ही ठेवले. या दुसऱ्या अर्थाने १९२१ साली आग्र्याहून एक उर्दू पुस्तक निघाले. नाव 'जमाना-ए-तहसील', म्हणजे शिकण्याचा काळ. लेखिका अतिया फैजी. १९०६ साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी त्या मुंबईहून लंडनला गेल्या. तेथून त्यांनी घरी जी रोजनिशी पाठवली, तिचे हे पुस्तक.

उर्दू वाचकाला अतियांचे नाव नवे नाही. पण ते येते कुठे? अल्लामा इक्बालांच्या चरित्रात आणि मौलाना शिबली नोमानींच्या चरित्रात. कोणी कोणाला पत्रे लिहिली, कोण कोणाला कुठे भेटले, एवढ्यातच त्यांचे आयुष्य आटोपते. मराठी वाचकाकडे तर हे नाव क्वचितच पोहोचलेले असते. परदेशी शिकायला गेलेल्या स्त्रिया म्हटल्या की त्याला आनंदीबाई जोशी आठवतात, पंडिता रमाबाई आठवतात. याच मुलखातून एक मुस्लिम स्त्री वर्गात कसे शिकवावे हे शिकायला सातासमुद्रापार गेली होती, याची नोंद दोन्ही भाषांच्या मधल्या फटीत पडून राहिली. आम्ही शिक्षक मंडळींनी ती उचलायला हवी, कारण अतिया गेल्या होत्या त्या आमच्याच पेशाचे शिक्षण घ्यायला.

अतियांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारानिमित्त तेथे राहत. आई मुंबईच्या तैयबजी घराण्यातली. हे घराणे सुलेमानी बोहरा. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तैयबजी याच घराण्यातले. घराण्याची मूळ बोली गुजराती, पण पुढे त्यांनी जाणूनबुजून उर्दू आपलीशी केली. या घराण्यात एक विलक्षण रिवाज होता. घरात एक वही ठेवलेली असे, तिला 'अखबार' म्हणत. घरातली थोर माणसे, बायका, मुले, आलेगेले पाहुणे, सगळ्यांनी त्या वहीत काही ना काही लिहायचे. प्रवास, आजारपण, वाचलेले पुस्तक, झालेले भांडण, काहीही चालत असे. बायकांच्या हाती लेखणी देण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला तरी दुसरा माहीत नाही. अतिया लंडनमध्ये रोज लिहीत राहिल्या, त्यामागे ही घरची सवय होती.

अतियांच्या दोन थोरल्या बहिणी, जोहरा आणि नाजली. नाजली बेगम म्हणजे कोकणातल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. जोहरा बेगमनी अतियांची रोजनिशी नीटनेटकी करून लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवाँ' या साप्ताहिकाकडे पाठवली. सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १८९८ साली सुरू केलेले हे स्त्रियांचे पत्र पडद्याआडच्या अनेक घरांना बाहेरच्या जगाची खिडकी होते. ज्या बायकांनी आपल्या गावचे स्टेशनही धड पाहिले नव्हते, त्या लंडनच्या शाळांविषयी वाचू लागल्या, आणि तेही आपल्याच एका बहिणीच्या लेखणीतून.

अतियांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी. यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. मुलींच्या शाळा काढणे सोपे होते, शिकवायला बाई मिळणे अवघड होते. पडदा पाळणारी घरे पुरुष मास्तरांच्या हाती मुली सोपवीत नसत. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर १८६६ साली हिंदुस्थानात आल्या, तेव्हाच त्यांनी स्त्री-शिक्षिकांसाठी ट्रेनिंग शाळा काढाव्यात असा आग्रह सरकारकडे धरला होता. पुढे १८७० मध्ये त्यांनी इंग्लंडात 'नॅशनल इंडियन असोसिएशन' काढली. लंडनमध्ये नवख्या हिंदी विद्यार्थ्यांना आधार देण्याचे काम ही संस्था करी. अतियांच्या वेळी तिच्या चिटणीस होत्या मिस बेक, अलीगढ कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर बेक यांच्या भगिनी. परक्या गावी पाय टेकायला कोणाची तरी ओसरी लागते. अतियांसारख्यांना मिस बेक यांचे घर ही अशी ओसरी होती. १ एप्रिल १९०७ रोजी अतियांची आणि इक्बालांची पहिली भेट झाली ती याच घरी.

अतिया ज्या कॉलेजात दाखल झाल्या त्याचे नाव मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज. १८७८ साली स्थापन झालेले. माध्यमिक शाळांत शिकवणाऱ्या स्त्रियांना तयार करणारे इंग्लंडमधले हे पहिले कॉलेज. त्यापूर्वी तिथेही अशी समजूत होती की, ज्याला विषय येतो त्याला शिकवताही येते. मारिया ग्रे आणि त्यांच्या भगिनी एमिली शिरेफ यांनी ही समजूत खोडून काढली. अतियांच्या वेळी अॅलिस वुड्स या प्रिन्सिपॉल होत्या. मुलाच्या कलाने शिक्षण व्हावे, मुलामुलींनी एकत्र शिकावे, असे मानणाऱ्या त्या बाई. मानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास, अध्यापनाच्या पद्धती, आणि कॉलेजला जोडलेल्या शाळेत प्रत्यक्ष मुलांपुढे उभे राहून शिकवणे, असा तेथला अभ्यास. आमच्यापैकी ज्यांनी बी.एड. केले, त्यांना पाठ टाचण आणि सराव पाठ यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक आणि समोर आपली चूक हेरायला टपलेली मुले! या पद्धतीचे मूळ अशा कॉलेजांत आहे.

आता परदेशात रुळण्याचा प्रश्न. इंग्रजी येणे वेगळे आणि इंग्रजीत चोवीस तास राहणे वेगळे. अतियांना इंग्रजी येत होती. तरीही कपडे, जेवण, वेळेचे बंधन, थंडी, इबादत, प्रत्येक गोष्टीत रोज नवा निर्णय घ्यावा लागत होता. त्यांनी पोशाख आपल्याकडचाच ठेवला. डोके झाकलेले आणि चेहरा उघडा. इंग्रजांच्या नजरेत ही बाई 'पौर्वात्य' ठरली आणि आपल्याकडच्या सनातन्यांच्या नजरेत बेपर्दा. दोन्ही बाजूंनी टीका होऊ शकेल अशा ठिकाणी त्या उभ्या होत्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

त्या वर्षी, म्हणजे हिजरी १३२४ चा रमजान ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. लंडनच्या धुक्यात चाँद कोण पाहणार? लंडनजवळ वोकिंग येथे १८८९ मध्ये मशीद बांधली गेली होती, भोपाळच्या शाहजहाँ बेगमांच्या देणगीतून. पण ती उभारणारे डॉ. लाइटनर १८९९ मध्ये वारले आणि मशीद बंद पडली. ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा गजबजवली ती १९१३ च्या सुमारास. म्हणजे एका मुस्लिम स्त्रीने बांधलेली मशीद होती, पण अतियांच्या वर्षी तिला कुलूप होते. परदेशी शिकणाऱ्या मुसलमानाला आपला दीन तेव्हा स्वतःच्या खोलीतच सांभाळावा लागे.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. अतियांच्या तेवीस वर्षे आधी, १८८३ मध्ये, रमाबाई इंग्लंडला पोहोचल्या. वाँटेजच्या मठातील भगिनींना मराठी शिकवायची आणि स्वतः इंग्रजी शिकायची, असा तो व्यवहार होता. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या एकाच वेळी विद्यार्थिनी होत्या आणि संस्कृतच्या अध्यापिकाही. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मांसाहार स्वीकारला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या वाद घालायला मागेपुढे पाहिले नाही. रमाबाई आणि अतिया यांचे धर्म वेगळे, घरची परिस्थिती वेगळी. रमाबाई अनाथ आणि विधवा, तर अतियांच्या पाठीशी मोठे घराणे आणि एक संस्थान. तरी प्रश्न एकच होता. त्यांच्याकडून शिकायचे किती आणि त्यांच्यासारखे व्हायचे किती? दोघींचे उत्तरही एकच. शिकायचे सगळे, व्हायचे मात्र स्वतःच्या मर्जीने. आणि दोघींनीही जे पाहिले ते आपल्या भाषेत घरी कळवले. रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' मराठीत आहे, अतियांची रोजनिशी उर्दूत.

अतियांनी अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. प्रकृतीच्या कारणाने वर्षभरातच, १९०७ मध्ये, त्या परत आल्या. हाती प्रमाणपत्र नव्हते. शिष्यवृत्तीच्या हिशेबाने पाहिले तर हा तोटाच. पण आम्हाला असे वाटते की, हिशेब दुसऱ्या रीतीनेही मांडता येतो. अतिया प्रमाणपत्र घेऊन आल्या असत्या तर एखाद्या शाळेतल्या मुलींना त्यांचा लाभ झाला असता. रोजनिशीमुळे तो घराघरांतल्या बायकांना झाला. ज्ञान इंग्रजीत मिळवले आणि वाटले उर्दूत. वर्गात न शिकवताही त्यांनी शिकवलेच.

त्याच सुमारास आमचा मराठवाडा काय करीत होता? आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू. हैदराबाद-मनमाड रेल्वे नुकतीच परभणीवरून धावू लागली होती. १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, इंग्लंडला गेल्या होत्या. १९०७ मध्ये हैदराबादेत मुलींसाठी महबूबिया शाळा निघाली. पण हे सारे राजधानीत. परभणीच्या मुलीला हैदराबादच लंडनइतके दूर होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ आले, तेव्हा उच्च शिक्षण उर्दूतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय, अशी योजना झाली. बाहेरचे ज्ञान घ्यायचे आणि आपल्या भाषेत मांडायचे, हीच ती वाट. मात्र त्या वाटेवर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांना जागा अपुरी मिळाली, हेही इथेच नमूद केले पाहिजे. एकाची मातृभाषा दुसऱ्यावर लादली की ती ज्ञानभाषा न राहता सत्तेची भाषा होते.

अतियांनी १९१२ मध्ये चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी विवाह केला. ते पुण्याच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. हिंदुस्थानी संगीतावर अतियांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. फाळणीनंतर दोघे कराचीला गेले आणि तिथेच १९६७ मध्ये अतियांचे निधन झाले. त्यांना आपले म्हणायला मराठी मुलूख कचरतो, त्याचे एक कारण हेही असावे. पण मुंबई, जंजिरा आणि पुणे वगळून त्यांचे चरित्र लिहिताच येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००० साली सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. उर्दू शाळांतले आम्ही शिक्षक, ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, एका जूनमध्ये इंग्रजीचे शिक्षक झालो. आम्हाला कोणी लंडनला पाठवले नाही. पण घरी उर्दू-दखनी, बाजारात मराठी, वर्गात इंग्रजी, असा परदेश आम्ही आणि आमची मुले रोज शाळेच्या उंबरठ्यावर ओलांडतो. सेलू-मानवतच्या मुली डी.एड., बी.एड.साठी घर सोडून परभणी-नांदेडच्या वसतिगृहात राहायला जातात, तेव्हा कपडे, जेवण, नमाज, भाषा यांचे तेच प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहतात, जे १९०६ मध्ये अतियांपुढे होते.

या मुलींच्या हाती अतियांची रोजनिशी पडली पाहिजे, उर्दूतून आणि मराठीतूनही. २०१० मध्ये ती इंग्रजी भाषांतरासह जगापुढे आली. ऑक्सफर्डच्या प्रकाशनाला जे मोलाचे वाटले, ते जंजिऱ्याच्या मराठीला परके वाटू नये. आणि तोवर एवढे तरी करता येईल. घराबाहेर शिकायला निघालेल्या प्रत्येक मुलीच्या पेटीत आम्ही एक कोरी वही ठेवू. तैयबजींच्या घरात असे तशी. तिने तीत रोज चार ओळी लिहाव्यात, ज्या भाषेत तिला रडू येते त्या भाषेत.