हापशीचा वॉशर आणि फाल्गुन महिना

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. पावसाळ्यात भरलेल्या या भेगा होळीच्या सुमारास रित्या होऊ लागतात. उघड्या विहिरींचे तळ दिसू लागले की गाव हापशीकडे वळते. म्हणजे पाणी सर्वांत खोल गेलेले असते तेव्हाच हापशीवर सर्वांत जास्त गर्दी होते. म्हणून तिची तपासणी फाल्गुनात व्हायला हवी, वैशाखात नव्हे. ही साधी गोष्ट कळण्यासाठी देशाला मोठी किंमत मोजावी लागली आणि त्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो.

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. या काळात युनिसेफच्या मदतीने, दाबलेल्या हवेवर चालणारी खोदयंत्रे देशात आली. कठीण खडकात विंधन विहिरी झपाट्याने होऊ लागल्या. त्यांवर बसवले गेलेले पंप मात्र बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतील एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. तिथे दिवसातून चार बादल्या पाणी काढले जाई. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव दांडा हापसत असे. बिजागऱ्या झिजत, दांडे तुटत. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा दर चार पंपांपैकी सुमारे तीन बंद आढळले. जमिनीत पाणी होते, भोक होते, पण पाणी वर येत नव्हते.

यावरचा उपाय आधीच मराठवाड्यात आणि सोलापुरात आकाराला येत होता. जालना येथे मिशनच्या पाणी प्रकल्पात बिडाऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार झाला. सोलापूरच्या कारागिरांनी तो अधिक भक्कम केला. याच सोलापूर पंपाच्या आधारे भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप घडला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्यासाठी भारतीय मानकही आले. पुढे हा पंप आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला.

त्याची रचना वर्गात समजावून सांगण्यासारखी आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलू शकतो. त्याहून खोल पाणी नुसते वरून ओढून येत नाही. म्हणून या पंपाचा सिलिंडर खाली पाण्यातच बुडवलेला असतो आणि दट्ट्या पाणी उचलून वर ढकलतो. सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर असते. गणित केले तर एका हापशात सुमारे ०.४ लिटर पाणी मिळते. पाणी तीस मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो वजनाच्या पाण्याचा भार येतो. दांड्याची तरफ आठास एक या प्रमाणाची असल्यामुळे तो लहान मुलालाही पेलतो.

दट्ट्याभोवती वाटीच्या आकाराचे वॉशर असतात. ते पूर्वी चामड्याचे असत, पुढे नायट्राइल रबराचे आले. झिजतात ते हेच. मार्क दोनमध्ये एक अडचण राहिली होती. वरचा नळ ३२ मिलिमीटरचा, सिलिंडरहून अरुंद. त्यामुळे काही रुपयांचा वॉशर बदलण्यासाठी सगळे नळ उपसून काढावे लागत. ते काम पथक, गाडी आणि अवजारांशिवाय होत नसे. १९८० च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि ‘मार्क तीन’ तयार झाला. त्यात वरचा नळ इतका रुंद ठेवला की दट्ट्या सळ्यांसकट वर खेचता येतो. यंत्र किती मजबूत आहे याच्या जोडीला ते किती सहज दुरुस्त होते, हाही प्रश्न अभियंत्यांनी आता विचारला होता.

टंचाई आराखड्यात विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती हा उपाय असतोच. पण दुरुस्ती पथकाला वेळेवर कळवायचे कोणी? हे काम शाळा करू शकते. फाल्गुनात विद्यार्थ्यांनी चाळीस पूर्ण हापसे मोजावेत. निदान पंधरा लिटर पाणी यायला हवे. कमी आले तर वॉशर झिजले असण्याचा संभव आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा हापसल्यावर पाणी उशिरा येत असेल तर खालची झडप गळत असावी. आधी भरपूर आणि मग हवेसह तुटक पाणी येत असेल तर पातळी सिलिंडरपर्यंत उतरली आहे. तिथे वॉशर नव्हे, वाढीव नळ लागतील. ओट्याला भेगा असतील तर सांडपाणी परत आत मुरते, तेही नोंदवावे. दरवर्षीच्या नोंदी एका वहीत ठेवल्या तर गावाच्या भूजलाचा इतिहासच तयार होईल.

यवतमाळकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. पांढरकवडा, झरी-जामणी या भागांतील काही विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले आहे. त्याने दात डागाळतात, हाडे दुखावतात आणि पाणी उकळून ते जात नाही. पंप ठीक चालतो म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे, असे नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणीच करावी लागते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे गावोगावी घरात नळ येऊ लागले. त्या नळातही एक वॉशर आहे आणि तोही झिजतो. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवून दिवसाची गळती मोजता येईल. वॉशर कधी बदलायचा, हे त्या आकड्यावरून मुलेच सांगतील.